आप्पांच्या हातचा घास

१

मिरजगावपासून आत, सीनेच्या अंगाला आप्पासाहेबांची वस्ती होती. चार खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात सरकारी योजनेतून बांधलेला संडास. तो मुलाला, सुनेला आणि नातीला. आप्पा त्यात कधी गेले नाहीत. "जिथं खायाचं त्याच्याच भिंतीआड बसायचं, हे माझ्याच्यानं हुनार न्हाई," असं त्यांनी बांधकामाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. पुन्हा कुणी विषय काढला नाही. त्या घरात कुठलाच विषय दुसऱ्यांदा निघत नसे.

पंचाहत्तरीला आले तरी त्यांचा दिवस ठरलेला होता. उजाडलं की तांब्या घेऊन बांधापलीकडच्या बाभळीत जायचं. परतताना बांधावरची माती हाताला चोळायची, उरलेलं पाणी ओतायचं. साबण त्यांनी आयुष्यात अंघोळीलाच लावला. मग वाफ्यातली कांद्याची पात खुडायची. उजव्या हातात तांब्या, म्हणून पात डाव्या अंगठ्याच्या नखानं खुडायची. घरी येऊन हातपाय खंगाळायचे आणि जेवायला बसायचं. डावा हात ताटाला लागू द्यायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

बाभळीत डुकरं येत. ती वाल्मिकची, गावकुसाबाहेर ओढ्याकाठी राहणाऱ्याची. माणूस उठून गेला की ती येत आणि आपलं काम करत. माणसानं त्यांच्याकडं बघायचं नसतं. आप्पांनी कधी बघितलं नव्हतं.

पौषातल्या त्या सकाळी मात्र ती आधीच आलेली होती.

पायवाटेच्या दोन्ही अंगांना उभी होती. सात. काळी, ओली. एकही गुरगुरत नव्हतं. एकाचंही नाक मातीत नव्हतं. आप्पा आले तशा सातही माना हळूच त्यांच्याकडं वळल्या. दावणीतले बैल वैरणीच्या पावलांना माना वळवतात, तशा.

"हाड!" आप्पा ओरडले. खडा उचलून भिरकावला. तो एकाच्या फासळ्यांवर बसला. ते हललं नाही. डोळाही मिटला नाही.

थंडीनं आखडली असतील, असं आप्पा मनाशी म्हणाले. पुढं गेले. मागं पावलांचा आवाज नव्हता. फक्त श्वास होता, आणि तो अंतर न सोडता येत होता.

२

पूजा त्यांची नात. सातवं संपत आलेलं, दुसरीत. आई हाक मारून थकायची, पण आप्पा रानातून आल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे. पहिला घास आप्पांच्या हातचा. दुधात भाकरी कुस्करायची, वर पात तोडून टाकायची, चार बोटांचा घास करायचा आणि तिच्या तोंडात द्यायचा. आप्पांच्या वडिलांनी त्यांना असाच दिला होता. मुलाला, अंगदला, आप्पांनी तो कधी दिला नाही. तेव्हा वेळ नव्हता आणि तसा स्वभावही नव्हता. नातीच्या वेळी दोन्ही कुठून आलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

"आप्पा, आज लई उशीर केला."

"डुकरं आडवी आल्ती."

"मग तुमी घाबरला का?"

"मी?" आप्पा म्हणाले. पूजा हसली. सूनबाई जया चुलीपुढं तोंड फिरवून हसली.

आप्पांनी घास पुढं केला. पूजानं तोंड उघडलं. आणि तशीच राहिली.

तोंड उघडं, डोळे उघडे. तिचा डावा हात मांडीवर होता. त्याची करंगळी हलली. मग शेजारचं बोट. मग मधलं. तिन्ही बोटं एकामागून एक उठायची आणि पडायची, आणि मग अंगठा एकदाच आत वळायचा. पुन्हा करंगळी. घाई नव्हती. दाराबाहेर थांबलेलं माणूस दारावर बोटं वाजवत बसतं, तसं.

"पूजे, नीट खा."

तिनं मान खाली करून हाताकडं पाहिलं. दुसऱ्याच्या पोराकडं बघावं तसं पाहिलं.

"आप्पा," ती हळू म्हणाली, "ह्यो हात मी हालवत न्हाई."

"मग कोन हालवतंय?"

ती थोडा वेळ ऐकल्यासारखं करत राहिली. "सांगत न्हाई त्यो," म्हणाली.

मग हात थांबला. तिनं घास खाल्ला, दूध प्यायली आणि दप्तर घेऊन पळाली.

"शाळंचा कट्टाळा," आप्पा म्हणाले. "दुसरं काय न्हाई."

 जया पूजाच्या पाटाजवळ बसून रिकाम्या जागेकडं बघत राहिली.

३

त्याच आठवड्यात सहादेवनं हुरड्याला बोलावलं.

सहादेव आप्पांचा पन्नास वर्षांचा सोबती. एकाच वयाचे, एकाच बांधाचे. तरुणपणी दोघांनी माळावर रानडुकरं धरली. रानडुकराचं खाणं म्हणजे मर्दाचं खाणं, असं आप्पा मानत. गावडुकराचं नाव काढलं तरी ते थुंकत. "रानातलं कंदमुळं खातं. गावातलं काय खातं ते सगळ्यास्नी ठावं हाय," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. पुढं वनखात्याची भीती आली, शिकार बंद झाली. पण सहादेव वर्षातून एकदा, हुरड्याच्या दिवसांत, कुठून तरी वाटा आणायचा. फडक्यात बांधलेला, कातडं भाजून काढलेला. कुठून आणला ते आप्पा विचारत नसत. चोरीचा मामला, विचारायचा नसतो.

भर दुपार होती. आगटीत हुरडा भाजून झाला. मग सहादेवनं निखाऱ्यावर मांसाचे मोठे तुकडे लावले.

"लई भाजू नको," आप्पा म्हणाले. "आतनं लाल राहू दे. वाळलं की चव जाती."

"तुमची आवड मला ठावं न्हाई व्हय?"

आप्पांनी तुकडा सुरीनं उघडला. लाल मांसात पांढरे दाणे होते. भिजलेल्या साबुदाण्यासारखे, टपोरे. एका जागी नव्हते, सगळीकडं पेरल्यासारखे होते.

"ह्ये काय रं?"

"चरबीचं दानं. औंदा रानात खायला लई हाय. माल तेजीत हाय."

आप्पांनी तोंडात टाकला. दाणे दाताखाली कच्च वाजले आणि फुटले.

"गोड हाय," ते म्हणाले. "तू घे की."

"माजा मंगळवार हाय."

सहादेव समोर उकिडवा बसून त्यांना खाताना बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. घरी परतताना वाटेत आप्पांना आठवलं की मागच्या सालीही त्याचा काही तरी उपास होता. त्याच्या आधीच्या सालीही. आणि आज मंगळवार नव्हता, बुधवार होता. मिरजगावाहून कोण तरी येताना दिसलं, बोलण्यात ती गोष्ट मागं पडली.

४

दोन दिवसांनी गोधडीची घडी घालताना आप्पांना बी सापडलं. भोपळ्याच्या बीसारखं. चपटं, पांढरं, नखाएवढं. भोपळा तर यंदा लावलेला नव्हता.

त्यांनी ते तळहातावर घेतलं. ऊन खिडकीतून थेट हातावर पडलं होतं. बी एका टोकाला आखूड झालं, मग लांब झालं.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. तळहाताची शीर उडत असेल, म्हणून हलल्यासारखं वाटलं. म्हातारपणी डोळ्याला पाणी येतं, त्यानंही हलतं. त्यांनी ते खिडकीच्या चौकटीवर ठेवलं. चौकट लाकडाची. लाकडाला शीर नसते. ते पुन्हा आखूड झालं.

त्यांनी टिचकी मारून ते अंगणात उडवलं. जयाची तांबडी कोंबडी पळत आली. ती शेणातला किडाही सोडत नसे. ती बीपाशी थांबली, मान लांब करून एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं. आणि पाय उचलत उलटी मागं सरत गेली, पार भिंतीला टेकेपर्यंत.

ही गोष्ट आप्पांनी कुणाला सांगितली नाही. असलं सांगायचं कुणाला? आणि सांगायचं काय? त्यांनी गोधडी झटकली. आणखी दोन पडली. ती त्यांनी पायानं मातीत दाबली.

मग नळावर जाऊन तोंड धुतलं आणि पूजाला घास द्यायला बसले.

५

शनिवारी सकाळची शाळा होती. प्रार्थनेच्या रांगेत पूजा पडली. मास्तरांनी मोटारसायकलवरून घरी आणली तेव्हा तिचं तोंड एका अंगाला ओढलेलं होतं आणि डावं अंग उडत होतं. जयानं कांदा हुंगायला दिला. अंगदनं वाहन बोलावलं. मिरजगावच्या दवाखान्यानं हात लावला आणि नगरला पाठवलं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिघांना खोलीत बोलावलं. भिंतीवरच्या उजेडावर काळी फिल्म लावली होती. आप्पांना आधी ती फुलकोबी कापल्यासारखी वाटली. मग कळलं की ते पूजाचं डोकं आहे.

त्यात पांढरी कडी होती. पुष्कळ. प्रत्येक कड्याच्या आत एक टिंब. सगळी टिंबं फिल्ममधून खोलीत बघत होती. सुरीनं उघडलेला तो तुकडा आप्पांना आठवला. का आठवला, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"डुकरातल्या पट्टकृमीची ही पिल्लं आहेत," बाई म्हणाल्या. "मेंदूत जाऊन बसली आहेत. म्हणून फिट येते. औषध आहे, पण बरेच दिवस घ्यावं लागेल आणि सांभाळून. घरात डुकराचं मांस कोण खातं?"

"कुनी न्हाई," आप्पा म्हणाले. "आमी तसल्या घरातले न्हाई." रानडुक्कर त्यांनी कधी डुकरात धरलं नव्हतं.

"आजोबा, मी घर विचारत नाही. मुलीनं मांस खाल्लेलं नसणार. ते खाल्लं तर जंत पोटात वाढतो, डोक्यात नाही. डोक्यात जातं ते त्याच्या अंड्यांमुळं. आणि अंडी येतात ती ज्याच्या पोटात तो मोठा जंत आहे, त्याच्या संडासवाटे. उघड्यावर डुकरांना मिळतात, भाजीला लागतात. आणि त्याच्या नखांतून, हातातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. त्याला स्वतःला त्रास होतोच असं नाही. कधीमधी पांढरे चपटे तुकडे पडतात, भोपळ्याच्या बीसारखे. बास."

खोलीत पंखा फिरत होता. आप्पा पंख्याकडं बघत राहिले.

"मुलीला रोज खाऊ कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

जयानं मान वर केली नाही. अंगदनंही नाही. दोघांनी न बघण्याचा जो प्रयत्न केला तो आप्पांना दिसला.

"तू धाब्यावर काय खातो रं?" आप्पा अंगदवर कडाडले. "बोल! फॅक्टरीवरच्या पोरांबरोबर काय खातो?"

"पूजाची शप्पत, आप्पा. कोंबडीच्या पुढं न्हाई मी."

बाईंनी तीन डब्या टेबलावर ठेवल्या. तपासणीसाठी, घरातल्या प्रत्येकाची एक. जयानं दोन उचलल्या. तिसरी टेबलावर राहिली.

"आजोबा, तुम्ही दिली नाहीत तर मी पोरीला औषध देईन आणि ती पुन्हा तेच खाऊन परत इथं येईल. पुढच्या खेपेला ती वाचेलच, असं मात्र सांगता येत नाही."

आप्पांनी डबी खिशात घातली. ती रिकामीच राहणार होती, हे त्यांनी ठरवलं होतं.

६

गावी परतल्यावर ते आधी वाल्मिककडं गेले. दोष कुणाचा हे ठरलेलं होतं. वाल्मिकनं डुकरं हलवली पाहिजेत, नाही तर पोलिसात जाऊ, हे सांगायचं होतं.

वाल्मिक ओढ्याच्या काठावर कुंपणाची जाळी बांधत होता. चाळिशीचा, अंगानं बारीक. आप्पा आले तसा तो उठून उभा राहिला. बसा मात्र म्हणाला नाही. आप्पा त्याच्या अंगणात बसत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

"तुज्या डुकरांनी माजी नात मारायला घेतली."

"पोरीचं ऐकलं, आप्पासाहेब. वाईट वाटलं. दवाखान्याची मानसं माज्याकडं बी येऊन गेली." त्यानं हात पुसले. "त्यांनी मला समजावून सांगितलं. माज्या जनावराच्या पोटात ते जात कुठनं? ते जंगलातनं आनत न्हाईत. मानूस टाकतं ते खात्यात. तुमी बाभळीत जाता. माजी जनावरं तुमच्या मागं असत्यात. समदा गाव बगतोय."

आप्पांच्या कपाळाची शीर फुगली. "आमी डुक्कर खात न्हाई! आमच्यात ते कुठनं येनार?"

 वाल्मिकनं जाळीची तार बोटाला गुंडाळली, सोडली.

"मंग सहादेवराव दर साली माज्याकडनं जनावर नेत्यात ते कुनासाठी?"

ओढ्यात पाणी नव्हतं. तरी कुठं तरी काही ठिबकल्यासारखा आवाज येत होता.

"कोन सहादेव?"

"तुमचंच सहादेवराव. सात साल झाली. हुरड्याच्या टायमाला येत्यात. म्हनत्यात, बाभळीकडं चरनारंच दे, तिकडचं लई पोसलेलं असतं. मी इचारलं न्हाई कशाला ते. गिऱ्हाईक हाय." त्यानं खाली मान घातली. "औंदाचं मीच कातडं भाजून, कापून दिलं. दानं दिसलं हुतं मला मांसात. म्हटलं, ह्ये जनावर आजारी हाय, नेऊ नका. ते म्हनले, चालतंय."

मागं, जाळीच्या आत, सगळी डुकरं उभी होती. सहा होती. सातवं कुठं गेलं ते आप्पांनी विचारलं नाही. सहाही त्यांच्याकडं बघत होती.

ज्याला मी पोसलं तेच मी खाल्लं. हा विचार आप्पांच्या डोक्यात एकदाच आला, सरळ, कापल्यासारखा. त्यांनी काठी टेकली आणि सहादेवच्या घराची वाट धरली.

७

सहादेव ओट्यावर तूर पाखडत होता. एकटाच होता. आप्पांना बघून त्यानं सूप बाजूला ठेवलं. आप्पा का आले हे त्याला चेहऱ्यावरून समजलं असावं, कारण त्यानं पाणी विचारलं नाही.

"खरं हाय का?"

"व्हय," सहादेव म्हणाला.

आप्पांना वाटलं होतं तो नाकारेल. नाकारलं असतं तर आप्पांनी विश्वास ठेवला असता. त्यांची तयारी होती.

"पन्नास वर्सं, सहाद्या."

"त्रेपन्न." सहादेवनं तुरीचा दाणा उचलून खडा असल्यासारखा फेकला. "माज्या पोरीचं, सुमीचं लगीन आठवतंय का? पोरगा दुसऱ्या जातीचा म्हनून कुनी येत न्हवतं. मी तुमच्या पाया पडलो. तुमी आलात. मला वाटलं जिकलो. पंगतीत बसलात, पानी फिरवलं ताटाभवती. मग पोराच्या बापाला समोर बघितलं आनि भरल्या ताटावरनं उठलात. मंडप बगत हुता. सुमी बगत हुती."

"ते इसरला न्हाईस?"

"तुमी इसरलात. ह्येचंच मला लई वाटलं. दुसऱ्या दिशी बांधावर भेटलात आनि पावसाचं बोललात." त्याचा आवाज चढला नाही. "म्हटलं, आप्पा कशावरनं उठत्यात आनि कशावर बसत्यात, ते आपुनच बघावं. पयल्या साली गंमत म्हनून आनलं. तुमी बोटं चाटलीत. घरी आल्यावर म्या हसलो. मग दर साली आनायला लागलो."

"आनि तू खात न्हवतास."

"म्या कसं खाईन?"

आप्पांनी काठी उचलली. सहादेव हलला नाही, डोकंही लपवलं नाही. काठी तशीच वर राहिली. अंगणात एकाही पाखराचा आवाज नव्हता.

"माजी पूजा," आप्पा म्हणाले. 

सहादेवचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला.   "पोरीचं मला ठावं न्हवतं, आप्पा. रक्ताची आन. इटाळ हुईल एवढंच म्हटलं हुतं. असलं काय आत बसतं, ते मला कुठनं ठावं?"

आप्पा वळले आणि चालू लागले. मागून सूप पडल्याचा आवाज आला. तूर सगळ्या अंगणात पसरली असावी. त्यांनी वळून बघितलं नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी अंगणातल्या संडासाचं दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. पूजापाशी अंगदला ठेवून डबा न्यायला आलेली जया नळावर भांडी घासत होती. तिनं पाहिलं आणि पाठ फिरवली. ती पाठ आप्पांना लागली.

आत साडेतीन हात जागा. पांढऱ्या फरशा, एक बादली, साबणाची वडी. कडी लावली. बाहेरचा सगळा आवाज बंद झाला.

मग श्वास ऐकू आला.

दाराखाली बोटभर फट होती. फटीतून उजेड येत होता आणि तो मधे मधे तुटत होता. काही तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतं, ओलं नाक फरशीला लावून. मागच्या भिंतीलाही तसंच. आणि डाव्या भिंतीला.

"जया!" आप्पांनी हाक मारली. "बाहेर डुकरं हायत का गं?"

भांड्यांचा आवाज थांबला. "न्हाई, आप्पा. वाल्मिकनं काल सांजच्यालाच टेम्पोत घालून पार राशीनला नेली. सगळी इकली त्यानं. पोरीच्या दुखन्याचं ऐकून."

"मग हे कोन हाय?"

"कुठं काय? अंगनात मी एकटीच हाय."

फटीतला उजेड पुन्हा तुटला. हवेनं पालापाचोळा सरकत असेल. कोंबडी असेल. आप्पा डोळे मिटून बसले. डबी भरली.

तपासणीत अंगदचं काही निघालं नाही, जयाचंही नाही. आप्पांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिली आणि म्हणाल्या, "त्याआधी तुमच्याही डोक्याचा फोटो काढून घेऊ."

"माजं डोकं ठिकानावर हाय," आप्पा म्हणाले.

"आजोबा, ज्याच्या पोटात हा असतो, त्याच्या स्वतःच्या तोंडातही त्याचाच हात जातो."

"न्हाई म्हनलं ना."

गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या पांढऱ्या खोलीत बसले. बाईंनी सांगितलं होतं, बघायची गरज नाही, पाणी ओतायचं. आप्पांनी बघितलं. एकदाच. फीत होती, पांढरी, गुंडाळी झालेली. बघावं तेवढी उलगडत होती. सात वर्षं त्यांच्याबरोबर जेवायला बसलेली. त्यांनी बादली ओतली, दुसरी ओतली, तिसरी ओतली. हात साबणानं कोपरापर्यंत घासले, कातडी लाल होईपर्यंत.

दाराखालचा श्वास एकदम थांबला. गेल्यासारखा नाही. कान लावल्यासारखा.

९

फाल्गुनात पूजा घरी आली. गाल सुजलेले, औषधानं. चालायची हळू, पण चालायची. महिनाभर फिट आली नव्हती. पाणी उकळून प्यायचं, भाजी मिठाच्या पाण्यात धुवायची, आप्पांचं ताट वेगळं. जया नियम मोठ्यानं सांगायची. तिचा आवाज आता घरात सगळ्यात वरचा होता, आणि आप्पा त्याला काही म्हणत नव्हते.

सकाळी ते पडवीत भिंतीला टेकून बसले होते. पूजा वाटी घेऊन आली. दूध-भाकरी. समोर मांडी घातली आणि तोंड उघडलं.

"आई देईल," आप्पा म्हणाले.

"तुमी द्या."

"न्हाई."

तिनं तोंड मिटलं. "मी आजारी पडले म्हनून राग आला का?"

आप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. खरं सांगायचं होतं. सहादेवनं तोंडावर खरं सांगितलं होतं, तेवढं धाडस त्यांच्यातही असलं पाहिजे. पण सांगायचं कसं? सहादेवनं मला दगा दिला, हे वाक्य तयार होतं. रोज रात्री ते आप्पा स्वतःला ऐकवत. पण त्याच्या मागं दुसरं वाक्य उभं होतं. आणि मी तुला.

"राग न्हाई, बाय."

"मग हात का लपवला?"

आणि तेव्हाच मांडीखाली करंगळी उठली.

डाव्या हाताची. आप्पांनी ती दाबून धरायला बघितलं. दाबायला त्या हातानं ऐकायला हवं होतं. करंगळी पडली. शेजारचं बोट उठलं. मग मधलं. धोतराचा कपडा हलू लागला. मग अंगठा, एकदाच, आत. पुन्हा करंगळी. घाई नव्हती.

पडवीच्या मागच्या भिंतीला काही तरी ओलं टेकलं आणि तिथंच थांबलं.

पूजानं वाटी खाली ठेवली. ती हलत्या धोतराकडं बघत होती. घाबरलेली नव्हती. ओळखीचं माणूस भेटावं तशी बघत होती. मग तिनं वर आप्पांच्या डोळ्यांत पाहिलं.

"आप्पा," ती हळू म्हणाली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, "ह्यो हात तुमी हालवताय का?"

आप्पासाहेब आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्याचा त्यांना अभिमान होता.

"व्हय," ते म्हणाले. "मीच."